कापलेलं परत जोडायचं नाही

ग्वेन टॉलिव्हर आणि मी मिळून अतिलघुकथांचं पुस्तक लिहायला बसलो, तेव्हा नियम तिनेच घातले. एकीने लिहायचं, दुसरीने कापायचं. कापणारीने पदरचा एक शब्दही घालायचा नाही. कापलेलं परत जोडायचं नाही. आणि कुठली कथा कुणाची, हे पुस्तकात कुठेच सांगायचं नाही. मुखपृष्ठावर दोघींची नावं, आत नुसत्या कथा. एकेक कथा तळहातावर मावेल एवढी.

"लग्नासारखंच आहे हे," ग्वेन म्हणाली होती. "फक्त बोलणं कमी."

ती मूळची शिकागोची. कॉलेजात शिकवून निवृत्त झाली आणि आमच्या बरागा गावात, सुपीरिअर सरोवराच्या खाडीकाठी, घर घेऊन राहिली. तिची दोन पुस्तकं आली होती, लहान मासिकांतून तिला मान होता. मी इथलीच, फिनिश खाणकामगाराच्या घरातली, शाळेच्या ऑफिसात नोकरी करणारी हेल्मी. वाचनालयातल्या लेखनाच्या वर्गात तिने माझं पान वाचलं, निळ्या पेन्सिलीने खालचा अर्धा भाग उडवला आणि म्हणाली, "बघ, तू इथंच संपली होतीस. पुढे नुसती दारात उभी राहून निरोप घेत बसलीयस." मला राग नाही आला. अंगावरची ओली घोंगडी कुणी काढून घ्यावी तसं वाटलं.

मग दर शनिवारी तिचं स्वयंपाकघर. मी वेलदोड्याचा निसू, आमचा फिनिश गोड पाव, भाजून न्यायची, ती कॉफी टाकायची, आणि कागद इकडून तिकडे सरकायचे. मीही कापायला शिकले. तिच्या नवऱ्याच्या आजारपणावरची कथा होती, दवाखान्याचा सगळा वास तिच्यात भरलेला. मी तिचं एकच वाक्य शिल्लक ठेवलं. ग्वेनने तो कागद खिडकीच्या उजेडात धरला.

"माझा हॅरल्ड तू एका ओळीत मारलास, बाई."

"परत घालू?"

"नियम आहे," ती म्हणाली, आणि निसूचा तुकडा कॉफीत बुडवला. "आणि बरोबर कापलंयस. जे लिहीत नाही तेच वाचकाला ऐकू येतं."

हे तिचं नेहमीचं वाक्य. मीही ते मानत होते. आम्ही सगळेच मानतो, हे असलं इवलंसं लिहिणारे.

माझा भाऊ रेइनो एका मार्चमध्ये खाडीच्या बर्फावर मासे धरायला गेला आणि वाऱ्याने बर्फाचा तो तुकडा आत ओढून नेला. सुपीरिअरचं पाणी थंड आहे. ते बुडालेल्या माणसाला वर येऊ देत नाही. तो आला नाही म्हणून आईने त्याच्या नावाचा दगड बसवू दिला नाही. शेजारच्या गावच्या पेपरात बातमी आली, तिच्यात त्याचं नाव 'रेमंड' छापलं होतं. आई पेपरवाल्यांकडे चालत गेली होती. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, दुरुस्ती काही छापली नाही.

आई आता वृद्धाश्रमात असते. नाव सायमा. भिंगाशिवाय तिला वाचता येत नाही, पण जीभ धारदार आहे. मी पुस्तकाचं सांगितलं तेव्हा म्हणाली, "त्यात आपला रेइनो असेल?"

"असेल."

"नावानिशी? का तुमच्या त्या आडपडद्यानं?"

"नावानिशी, आई."

"मग मी तोवर मरत नाही. एकदा बरोबर छापलेला बघते, मग बघू."

मी लिहिलं. सगळं घातलं. त्याची हिरवी लोकरी टोपी, मासे ठेवायची ढकलगाडी, दारातून बाहेर पडताना शीळ घालायची सवय. तो लहान असताना आई पाळण्याशी गायची, तेही घातलं:

गोठलं गं पाणी, वर दुधाची ती साय,
रेइनोचे पाय हळू धर.

ग्वेनने कागद घरी नेला. पुढच्या शनिवारी परत दिला. निळ्या रेघांखाली टोपी गेली होती, गाडी गेली होती, शीळ गेली होती. गाण्यापाशी तिने समासात लिहिलं होतं, 'फार गोड, म्हणूनच नको.' आणि नाव गेलं होतं. उरलं ते एवढंच:

'मार्चमध्ये तो बर्फावर गेला. आईने दाराला कडी लावली नाही. जूनमध्ये घरभर डास झाले. तिने एकही मारला नाही.'

मी वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला. कथा चांगली झाली होती. मी लिहिली होती त्याहून चांगली. हेच माझ्या घशाखाली उतरेना.

"ग्वेन, नाव ठेवायचं आहे."

"नाव आलं की तो एकीचा भाऊ होतो, हेल्मी. नाव नसलं की प्रत्येकीचा मुलगा."

"तो एकीचाच मुलगा आहे. ती जिवंत आहे." मग मी तिला दगडाचं सांगितलं, पेपरचं सांगितलं, आईला दिलेल्या शब्दाचं सांगितलं. टोपी घे, गाणं घे, एवढा एक शब्द राहू दे.

तिने माझा हात हातात घेतला. तिचे डोळे खरोखरच भरले होते, हे मला आजही नाकारता येत नाही. "ठेव," ती म्हणाली. "या एकदाच. 'मार्चमध्ये रेइनो बर्फावर गेला.' बस."

प्रकाशकाशी बोलणं तिचं होतं, शेवटची छपाईपूर्व पानंही तिच्याकडेच आली. मी पाहिली त्या पानांत नाव होतं. त्यानंतर आणखी एकदा पानं आली, हे मला ठाऊकच नव्हतं.

पुस्तकांचा खोका उघडला तेव्हा मी एक प्रत घेतली आणि न बघता, कोट न काढता, सरळ आईकडे गेले. मला तिच्यासोबतच बघायचं होतं.

आईने चष्मा पुसला, भिंग पुसलं. मी कथेचं पान काढून दिलं. भिंग ओळीवरून हळूहळू सरकलं, संपलं, पुन्हा पहिल्यापासून सरकलं. तिच्या गालावरून पाणी ओघळलं. मी मनात म्हटलं, झालं. दिलेला शब्द पुरा झाला.

"बिचारी," आई म्हणाली. "कोण गं ही बाई? आपल्याकडची का?"

मी पुस्तक हातात घेतलं. 'मार्चमध्ये तो बर्फावर गेला.'

"हेल्मे, लक्ष कुठंय तुझं? कोण ही?"

"असेल कुणीतरी."

"बिचारी," ती पुन्हा म्हणाली आणि रुमालाने नाक पुसलं. "आमच्याही घरी डास झालेले तेव्हा. हिलाही तसंच सुचलं बघ. बरं, आता आपला दाखव. रेइनो कुठल्या पानावर?"

खिडकीबाहेर कुणीतरी फावड्याने बर्फ काढून वाट मोकळी करत होतं. त्या आवाजावर मी कान ठेवला.

"तो पुढच्या पुस्तकात आहे, आई. यात जागा नव्हती."

"जागा नव्हती?" तिने पुस्तकाची पानं अंगठ्याने फुलवली. अर्ध्याहून जास्त कागद कोरा होता. पुस्तक मिटून तिने उशाशी न ठेवता माझ्याकडेच परत दिलं.

मी तशीच ग्वेनकडे गेले. तिने लपवालपवी केली नाही.

"हो, मी काढलं. रात्रंदिवस खटकत होतं मला. त्या एका शब्दापाशी वाक्य लंगडत होतं. तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही."

"माझ्या आईने ओळखलं नाही, ग्वेन. स्वतःची कथा वाचली, आणि दुसऱ्या कुणा बाईसाठी रडली."

वाटलं होतं, आता तरी तिची मान खाली जाईल. ती उठून उभी राहिली. चेहरा उजळला होता.

"रडली? कुणाची आहे हे माहीत नसताना?" तिने दोन्ही हात छातीशी नेले. "अगं, हेल्मी, यापेक्षा मोठं काय हवं आपल्याला?"

मी तिच्या टेबलावरची माझी निसूची थाळी उचलली आणि घरी आले. नंतरचे शनिवार गेले नाही. पण वाचनालयात प्रकाशन ठरलं होतं, पत्रकांवर दोघींची नावं होती, आणि न जाण्याइतका कणखरपणा माझ्यात नाही.

दुपारची वेळ होती. वर्गातली सगळी मंडळी आलेली. आम्हा इवलंसं लिहिणाऱ्यांत कथा संपली की टाळ्या लगेच पडत नाहीत. आधी सगळे मिळून एक हुंकार देतात, पोटातून आल्यासारखा. ग्वेनने डासांची कथा वाचली, मोठा हुंकार आला. मग तिने पुस्तक खाली ठेवलं.

"हिच्यामागची एक गोष्ट सांगते," ती म्हणाली. "एक म्हातारी आहे. तिने भिंग धरून ही कथा वाचली आणि रडली. कुणासाठी, ते तिला कळलं नाही."

तिने एवढ्यावरच थांबवलं. तिला थांबायचं कुठं, ते नेहमीच कळतं. पुन्हा हुंकार आला, पहिल्याहून मोठा. माझी आईसुद्धा कापून झाली होती.

माझी पाळी आली. मी पुस्तक उघडलं नाही.

"त्या म्हातारीचं नाव सायमा," मी माईकमध्ये म्हटलं. "मुलगा तिचाच होता. त्याचं नाव रेइनो. मी त्याची बहीण."

खोलीत शांतता पसरली. मला वाटलं, आता कुणीतरी विचारेल. कुणीतरी ग्वेनकडे बघेल. पण ती शांतता माझ्या ओळखीची होती. पाठोपाठ हुंकार आला, आणि मग टाळ्या, कडकडून. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे टिपले. त्यांनी ती कथाच मानली होती.

ग्वेन माझ्या कानाशी वाकली. "सुंदर," ती मनापासून म्हणाली. "शेवटचं वाक्य मात्र नको."

नंतर सह्यांसाठी रांग लागली. पहिल्या बाईंनी प्रत पुढे केली. मी सहीचं पान सोडून ती कथा काढली, आणि 'तो' या शब्दावर काट मारून वर ठळक लिहिलं, रेइनो.

"अं… माझं नाव जोअ‍ॅन," बाई हसून म्हणाल्या. "दुसरी प्रत मिळेल का? कोरी?"

ग्वेनने त्यांना खोक्यातून कोरी प्रत दिली आणि ती लिहिलेली माझ्या कोपरापाशी सरकवली. "खराब झाली ती. असू दे, दे बाजूला ठेवून."

मी ती पिशवीत घातली.

आता ती गाडीत, शेजारच्या सीटवर आहे. वृद्धाश्रमाच्या आवारात येऊन मी कधीची बसले आहे. वर आईच्या खिडकीत दिवा दिसतो. एका मनाला वाटतं, जावं आणि दाखवावं. पण तिला तो छापलेला बघायचा आहे. तिच्या हातात भिंग आहे, आणि माझं अक्षर ती पाटीवर गिरवलं तेव्हापासून ओळखते.