अकराची ओल

मी जुन्या दस्तऐवजांच्या संग्रहालयात काम करते. तिथल्या कागदांना हवेत पन्नास टक्के दमटपणा लागतो. पंचावन्न झाला की आमची पळापळ. घरी मात्र सासऱ्यांच्या पलंगामागची भिंत बुरशीने काळी पडली होती, त्यांचा खोकला हटत नव्हता आणि माझ्यावर मान खाली घालायची पाळी आली होती.

शेवटी कामावरचं दमटपणा मोजायचं यंत्र आणून आठवडाभर त्यांच्या कपाटावर ठेवलं. ते तासातासाची नोंद ठेवतं. सोमवार ते शुक्रवार, अकरा वाजले की आकडा ऐंशीवर जायचा आणि चारपर्यंत उतरायचा. शनिवार-रविवार काही नाही.

"पाइप गळतोय," नवरा म्हणाला.

"पाइपालाही शनिवार-रविवार सुट्टी असते वाटतं?"

तो हसला नाही. "बाबांचं त्यांना होईनासं झालं की वृद्धाश्रम, हे ठरलंय आपलं." ठरलं होतं ते दोघा भावांचं. मला कुणी विचारलंही नव्हतं, आणि त्याचा मला राग होता.

बुधवारी अर्धी रजा टाकून दुपारीच घरी आले. सासऱ्यांच्या खोलीचं दार ढकललं. खिडक्या घट्ट बंद. दोन खुर्च्यांच्या पाठींवर ओली चादर, गादीवर प्लास्टिक, आणि चादर पिळून धापा टाकत बसलेले ते.

"चहा सांडला," ते म्हणाले.

"रोज?"

त्यांनी चादरीचं टोक सारखं केलं. "बाहेर वाळत घातली तर शेजारी विचारतील. मग हा विचारेल."

"आणि शनिवार-रविवारी?"

"तेव्हा तुम्ही दोघं घरी असता. आदल्या रात्री झोपतच नाही."



शुक्रवारी हवेतली ओल शोषणारं यंत्र आणून त्यांच्या खोलीत लावलं. नवऱ्याला सांगितलं, भिंतच ओली आहे, बाबा ठणठणीत आहेत. खोटं बोलताना मी जराही अडखळले नाही.

तो बाहेर गेल्यावर बाबांना बटण दाखवलं. "चादर ह्याच्यापुढे टाका, लवकर वाळेल. आणि हाताने पिळायची नाही. मी आल्यावर माझ्या कपड्यांबरोबर मशीनला लावेन. आज रात्री झोपा."

त्यांनी बटण दाबलं, बंद केलं, पुन्हा दाबलं.

"आवाज फार करतं गं," ते म्हणाले, आणि त्या आवाजाच्या आडून रडले.