अकरा पुड्या

शनिवारी दुपारी साडेचारला तिसऱ्या सराफाच्या दुकानाची पायरी चढताना ताईने भावाचा दंड धरला. "हे शेवटचं दुकान. इथून एकतर हिरा घेऊन निघायचं, नाहीतर तुला इथेच गहाण टाकून मी घरी जाणार आहे."

"मला कोण ठेवून घेईल?" भाऊ म्हणाला.

"तेच तर. म्हणून म्हणते, आटप."

सोमवारपासून त्याच्या पायाला भिंगरी लागली होती. जेवताना उठायचा, उठल्यावर कशाला उठलो ते विसरायचा, पुन्हा बसायचा. आताही दुकानात खुर्ची पुढे केली तर तो तिच्या पाठीला धरून उभाच राहिला.

चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात तो बारा वर्षं शेवटच्या टेबलावर होता. आधीच्या टेबलांवरून आलेली काच काळ्या कापडासमोर दिव्याखाली धरायची, बुडबुडा, चरा, लाट, काहीही दिसलं की मेणाच्या लाल पेन्सिलीने फुली मारायची आणि परत पाठवायची. कारखान्यात त्याला 'फुलीवाला' म्हणत. त्याच्या हातून एकही खोटी काच बाहेर गेली नव्हती. खरं सांगायचं तर बाकीचंही फारसं काही त्याच्या हातून मार्गी लागलं नव्हतं. पडद्याचं कापड पसंत करायला त्याला आठ महिने लागले; तोवर ताईने खिडकीला जुनी चादर टांगली होती आणि ती अजून तिथेच होती.

जिच्यासाठी हिरा घ्यायचा होता ती नर्स त्याला भेटली ती कारखान्यात भांडायला आली म्हणून. नवा चष्मा नाकावरून घसरतो, अशी तिची तक्रार होती. भांडण त्या दिवशी पुरं झालं नाही, म्हणून ती पुन्हा आली, आणि मग दोन वर्षं येतच राहिली. ती भाजलेल्या रोग्यांच्या वॉर्डात होती. दिवसभर पट्ट्या सोडायच्या, पट्ट्या बांधायच्या. घोळ घालणारी माणसं तिला चालत, पण पट्टी अर्धी सोडून विचार करत बसणारी चालत नसत.

सोमवारी तिने शांतपणे सांगितलं होतं, "दुसऱ्या शहरात आमचं नवं हॉस्पिटल निघतंय. तीन वर्षांसाठी विचारलंय. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत मेट्रनला कळवायचंय. आपलं काही ठरणार असेल तर मी थांबते, नसेल तर जाते. दोन्हीत रडारड नाही."

यावर एखाद्याने जागच्या जागी 'थांब' म्हटलं असतं. हा म्हणाला, "अंगठी घेऊनच विचारतो. हिऱ्याची." आणि त्या एका वाक्यात त्याने स्वतःला पाच दिवस मिळवून दिले. ते पाचही दिवस आता संपले होते.

त्याच्या ऐपतीत बसणारा हिरा केवढा, तर टाचणीच्या डोक्याहून जरा मोठा. त्याबद्दल त्याला काही वाटत नव्हतं. पण त्या एवढ्याशात डाग असावा, हे काही त्याच्या गळी उतरत नव्हतं.

सराफ वयस्कर होते, घाईत नव्हते. सगळं ऐकून घेऊन त्यांनी कागदाच्या अकरा पुड्या काढल्या. प्रत्येकीत एकेक सुटा हिरा, वरती वजन आणि किंमत. "बघा निवांत. आधी खडा पसंत करा, मग कोंदणाचं बोलू," म्हणून त्यांनी भिंग त्याच्या हातात दिलं आणि ते आत कोणाची तरी बांगडी जोखायला गेले.

माकडाच्या हातात कोलीत. भिंग हाती आलं तशी त्याची चुळबुळ थांबली. पहिली पुडी उघडली: मधोमध पांढरी चीर. दुसरी: धुरकट. तिसरीत पिसासारखं काहीतरी. चौथीत काळा ठिपका. एक उघडायची, दिव्याकडे धरायची, मिटायची, बाजूला ठेवायची. ताई तोवर बाहेर जाऊन कोणालातरी फोन करून आली. आत येऊन बघते तर काय, अकराच्या अकरा पुड्या ओळीने लावलेल्या आणि प्रत्येकीवर ठसठशीत लाल फुली.

"अरे ए!" ताई ओरडली. "हे काय करून ठेवलंस?"

त्याने हाताकडे पाहिलं. पेन्सिल हातात होती. ती खिशातून कधी निघाली, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

सराफ धावत आले. "अहो! हा व्यापाऱ्याचा माल आहे! मी बघायला आणलाय फक्त. उरलेला सोमवारी परत जाणार. त्याला काय सांगू, माझ्या दुकानात परीक्षा झाली आणि सगळे नापास झाले?"

"काका, चूक झाली," तो म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. "नव्या पुड्या करून देतो. माझं अक्षर चांगलं आहे."

"करणारच आहेस," ताई म्हणाली. "काका, कागद द्या याला. आणि एवढं सांगा, यातला बरा कुठला?"

"बाई, या भावात डाग हा असणारच. तो निसर्गाचा..."

"प्रवचन नको हो, काका. प्रवचन ऐकायला लागला तर हा दिवाळी उजाडेपर्यंत ऐकेल. पाच वाजून गेलेत."

तो मान खाली घालून नव्या पुड्यांवर आकडे उतरवत असताना दार उघडलं आणि नर्स आत आली. ड्यूटीवरून थेट आली होती. बोटं हातमोज्यांच्या पावडरीने पांढुरकी झालेली. ताईने कोणाला फोन केला होता, ते त्याला आत्ता कळलं.

नर्सने काउंटरवरची लाल फुल्यांची ती ओळ पाहिली. सगळी, शेवटपर्यंत.

"अकरा?" तिने विचारलं.

"अकरा," तो म्हणाला.

"आणि माझ्यावर किती मारल्यास?"

सराफ उगाचच तराजू पुसू लागले. आता हा 'छे, एकही नाही' म्हणेल, अशी ताईने मनातल्या मनात प्रार्थना केली. पण बारा वर्षं खोटी काच न सोडलेला माणूस तो.

"सात," तो म्हणाला.

ताईने कपाळावर हात मारून घेतला.

"सातच?" नर्स खुर्ची ओढून बसली. "तुझे दोष मी तेवीसपर्यंत मोजले आणि सोडून दिलं. वॉर्डात कामं असतात मला." तिने घड्याळ पाहिलं. "सव्वापाच. मेट्रनला फोन करायचाय. मी काही सुचवणार नाही. कुठल्याही खड्यावर बोट ठेवणार नाही, अंगठी घालायला बोट तेवढं देईन. ठरव."

त्याने पुन्हा भिंग उचललं, खाली ठेवलं. खुर्चीभोवती एक चक्कर मारली. त्याला वाटलं, आपण कुठलाही उचलावा आणि मोकळं व्हावं. आणि लगेच वाटलं, तसा उचललेला तिला लगेच कळेल.

"अंगठी कशी करणार पण?" काहीतरी बोलायचं म्हणून त्याने सराफांना विचारलं.

सराफांनी नमुना पुढे केला. सोन्याच्या चार नख्यांनी हिरा उंच उचलून धरलेला. "अशी. उजेड सगळीकडून येतो, खडा मोठा दिसतो."

"ही नखी टोचेल?" त्याने नर्सला विचारलं.

"मी सुचवणार नाही म्हटलं ना."

"सुचवू नकोस. नुसतं सांग. दिवसाला हातमोजे किती जोड लागतात?"

"तीसएक." तिने नमुन्याकडे पाहिलं. "याच्यावर चढवले तर पहिल्याच पट्टीला फाटतील. मला ती कपाटात ठेवून कामावर जावं लागेल. रोज."

तो थांबला. या आठवड्यात पहिल्यांदाच त्याचे पाय एका जागी थांबले. ओळीतली चौथी पुडी त्याने काढली, उघडली, आणि हिरा चिमट्याने फिरवत फिरवत ठिपका नेमका कुठे आहे ते पाहिलं.

"काका, हा ठिपका अगदी कडेला आहे. आमच्याकडे काचेचा दोष कडेला असला की मी फुली मारत नाही. ती काच जाड चौकटीच्या चष्म्याला पाठवतो. दोष चौकटीखाली जातो, नजरेच्या आड येत नाही. नख्या नकोतच. याच्याभोवती सोन्याची सलग कड करता येईल? बुटकी, गुळगुळीत?"

सराफांनी भिंग लावून पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. "बंद कोंदण. येईल की. कडेचा डाग आम्ही असाच झाकतो, पण गिऱ्हाइकाला सांगत नाही." मग जरा ओशाळून म्हणाले, "खडा मात्र लहान दिसेल. लोक म्हणतील, हे काय आणलं."

"लोकांना वॉर्डात पाठवा," नर्स म्हणाली.

"म्हणजे पसंत?" ताई अधीर झाली.

"मला काय विचारता? त्याला विचारा."

"हा," तो म्हणाला. "हाच. आणि तू थांब. म्हणजे, थांबशील का? लग्न करू. पडद्यांचं तू बघ."

नर्स हसली नाही. पर्समधून फोन काढून ती बाहेर गेली. काचेच्या दारापलीकडे ती बोलताना दिसत होती, ऐकू येत नव्हती. एकदा तिने मान डोलावली, एकदा हात हवेत उडवला. मग बराच वेळ नुसतं ऐकलं.

"हो म्हणाली की नाही म्हणाली?" त्याने ताईला कुजबुजत विचारलं.

"मला म्हणाली असती तर मी सांगितलं असतं."

"दोनदा मान डोलावली."

"एकदा. बस खाली."

तो बसला. पुन्हा उठला. सराफ पावती लिहिता लिहिता म्हणाले, "मंगळवारी सकाळी तयार होईल. बोटाचं माप लागेल." हे ऐकून तो पुन्हा दाराकडे बघू लागला. माप कोणाचं घेणार, आणि मंगळवारी ती असणार कुठे?

दार उघडलं. नर्स आत येऊन खुर्चीवर बसली. फोन पर्समध्ये टाकता टाकता तिने सराफांना विचारलं, "मंगळवारी किती वाजता उघडता, काका? माझी दुपारची ड्यूटी आहे. मीच येईन न्यायला. याच्यावर सोपवलं तर हा मंगळवारी भिंग घेऊन येईल."

आणि डावा हात पावडरीसकट काउंटरवर ठेवला.