न तपासलेल्या नोंदी

योगितानं मोबाइल डोळ्यांसमोर धरला आणि आकडे मोजायला सुरुवात केली. शेजारी मिलमधला कामगार दत्तू चिमट्यात कापडाची ओली पट्टी धरून उभा होता. पट्टीतून गुलाबी पाणी त्याच्या रबरी बुटावर टपकत होतं आणि स्क्रीनवर एक राखाडी गोल स्वतःभोवती फिरत होता.

“ताई, आजून फिरायलंय बघा.”

“बोलू नको. एकोणचाळीस, चाळीस…”

त्रेचाळीस म्हणताना रंगांच्या मापांची यादी उघडली. तोवर कापड रंगवायच्या जेट मशीनमधलं पाणी हवं त्याहून जास्त तापलं होतं. दत्तूनं एक शिवी हासडली आणि शेजारी ताई आहे हे आठवून ती अर्ध्यावरच गिळली.

पलसाण्याच्या या डाइंग मिलमध्ये आधी रंगांची मापं वह्यांत असायची. कोणत्या लॉटला कोणता रंग किती लागला, ते शोधायला पानं चाळावी लागत. साडेसहा वर्षांपूर्वी ऑफिसात नव्यानं लागलेल्या योगितानं ते सगळं वह्यांतून काढून कामाच्या एका ॲपमध्ये घातलं. एका लॉटची एक ओळ. तेव्हा यादी चुटकीसरशी उघडायची आणि योगिता मिलभर भाव खाऊन फिरायची. आता ओळी अकरा हजारांवर गेल्या होत्या आणि ॲपचं वागणं सरकारी खिडकीसारखं झालं होतं. काम व्हायचं, पण आधी उभं राहावं लागायचं.

काचेचं दार ढकलून हसमुखभाई बाहेर आले. मिल त्यांची, आणि घाईही त्यांचीच.

“योगिताबेन, दिवाळीनो माल ऊभो छे. सांज सुधीमां करी आपो, नहीं तो आवता अठवाडिये नवुं सॉफ्टवेअर. नवेसरथी.” मग जरा समजुतीच्या सुरात म्हणाले, “जूनुं बधुं काढी नाखो ने. जूना मास्तरना रंग हवे कोण जोवानुं?”

बोलून गेल्यावर त्यांना आठवलं, की जुना कलर मास्तर म्हणजे समोरच्या मुलीचा बाप. ते चष्मा पुसत आत निघून गेले.

योगिताचा बाप दगा धुळ्याकडून आला तो जेटवर कामगार म्हणून. नुसत्या नजरेनं रंग जुळवता जुळवता कलर मास्तर झाला. सगळी मिल त्याला नाना म्हणायची, घरीही तो नानाच होता. डोळा असा, की एकदा पाहिलेला रंग वर्षानं ओळखावा. लिहिणं मात्र सहीपुरतं. म्हणून योगितानं यादीत आवाज भरायची सोय केली होती.

“नाना, तुम्ही नुसतं बोला. मी लिखी लेसू.”

नानांनी त्याचा अर्थ आपल्या परीनं घेतला. फोनच्या पलीकडे लेक कान लावून बसलेली आहे, असंच त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं. दर लॉटला ते मशीनच्या आवाजावर आवाज चढवून सांगायचे, “योगिता बेटा, लिखी ले. लॉट चारशे बारा. तूरना फुलना रंग. पिवया दोन, लाल पाव. पानी बरं तपनं शे.” आणि फोन ठेवायच्या आधी, “जेवनी का तू?”

दहा पावलांवर ऑफिसात बसलेली योगिता हसायची आणि तेवढे आकडे टिपून घ्यायची. जेवले, असं उत्तर तिनं कधी दिलं नाही. रेकॉर्डिंगला कोण उत्तर देतं?

दर ओळीच्या शेवटी ‘तपासलं’ असा एक चौकोन होता. मास्तरनं रंगलेली पट्टी नमुन्याशी ताडून पाहायची आणि चौकोनात बरोबरची खूण करायची. नानांनी एकदाही केली नाही. आपलंच काम आपणच बरोबर म्हणायचं, हे त्यांच्या गळी उतरेना. “निशानी तू कर. शिकेल-सवरेल तू शे,” म्हणायचे. करू कधीतरी, करू कधीतरी, म्हणत योगिताकडूनही ते राहिलं. आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठ दिवस आधी कंपनीच्या बसमधून उतरून नाना गोडादऱ्याच्या स्टॉपवर खाली बसले, ते उठलेच नाहीत.

त्यांच्या आवाजाच्या दोन हजार तीनशे सोळा ओळी मागे राहिल्या. एरवी त्यांचा आवाज कुठेच नव्हता. घरात ना कसला व्हिडिओ होता, ना कुणी कधी हौसेनं काही भरून ठेवलं होतं. पाच महिने झाले, योगितानं त्यातली एकही ओळ वाजवली नव्हती. आकडे ऐकले असते तिनं. ते शेवटचे तीन शब्द तिला ऐकवले नसते.

जूनुं बधुं काढी नाखो. डबा तसाच ठेवून ती टेबलाशी बसली. जुनं काढायचं नव्हतं आणि यादी पळवायची होती. संध्याकाळपर्यंत हे जमलं नाही, तर नवं सॉफ्टवेअर येईल, हे ॲप बंद होईल आणि नाना त्याच्याबरोबर जातील. तिनं एकेक रकाना उघडून पाहायला घेतला. दर ओळीतली बेरीज गोदामाच्या यादीत जाऊन रंगाचा साठा विचारून येत होती. अकरा हजार ओळी, अकरा हजार हेलपाटे. पण खरी गोम निघाली ती ओळींच्या क्रमात. ‘न तपासलेलं आधी, त्यातही सगळ्यात जुनं वर,’ असा क्रम तिनंच कधीकाळी लावून दिला होता, राहिलेलं काम डोळ्यांसमोर असावं म्हणून. त्यामुळे मिलमध्ये कुणीही फोन उघडला, की आधी नानांच्या सगळ्या ओळी, पट्ट्यांच्या फोटोंसकट आणि आवाजासकट, रांगेनं यायच्या. मग कुठे आजचा लॉट.

म्हणजे अडवून ठेवलं होतं ते नानांनीच. योगिताला हसू आलं आणि लगोलग डोळे भरून आले. तिनं ओढणीनं ते पुसले.

आणखी एक गोष्ट तिला दिसली. नानांच्या अगदी पहिल्या एकशे त्रेचाळीस ओळींवर बरोबरच्या खुणा होत्या. सगळ्या अलीकडच्या, रोजची एक, दुपारी दोनच्या सुमाराला केलेली. ती उठून दत्तूकडे गेली.

“नानांच्या जुन्या ओळी तू तपासतोयस का रे?”

“म्या? न्हाई बा, ताई.” दत्तूनं हात वर केले. “मास्तरच्या वळीला हात लावीन व्हय मी?”

मिलमधल्या दुसऱ्या कुणाचं तरी बोट लागत असेल, म्हणून तिनं ते सोडून दिलं. घड्याळात एक वाजून गेला होता. तिनं यादीला नवा क्रम लावला, नवं वर. गोदामाकडे धावणारी बेरीज काढून टाकली. फोटोचा रकाना झाकला. शेवटी गाळणी लावली. फक्त गेल्या नव्वद दिवसांच्या ओळी दिसतील, बाकीच्या जागच्या जागी राहतील, पण पुढे येणार नाहीत. एकही ओळ उडवली नाही. सगळ्यांचे फोन याच एका दारानं यादीत शिरायचे, त्यामुळे ज्याच्या त्याच्या फोनवर जाऊन वेगळं काही करायची गरज नव्हती.

“उघड,” ती दत्तूला म्हणाली.

ती एक म्हणायच्या आत यादी समोर होती. दत्तूनं बंद केली, परत उघडली, परत बंद केली, आणि मशीनच्या पलीकडे हाळी दिली, “आरं या बघायला!” हसमुखभाईंनी स्वतः चार वेळा उघडून पाहिलं. नवं सॉफ्टवेअर रद्द झालं. त्यांनी सगळ्यांना नाश्त्याला गरम लोचो मागवला आणि योगिताच्या बशीत दोनदा वाढायला लावला. तिनं पोटभर खाल्लं. नाना गेल्यापासून तिला असं जेवण गेलं नव्हतं. मनात म्हणाली, जेवले, नाना. तुम्हाला धक्काही लागू दिला नाही मी.

सहा वाजता बस गोडादऱ्याला थांबली. स्टॉपवरून घर पाच मिनिटांवर. नानांना तेवढ्याला अर्धा तास लागायचा, वाटेत भेटेल त्याच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नसे. तोवर योगिताची माय सरलाबाई उंबऱ्यात बसून असायच्या, नाना गल्लीच्या तोंडाशी दिसले की पदर डोक्यावर घ्यायच्या आणि भाकरी टाकायला उठायच्या.

आज सरलाबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या. आत दिवा नव्हता, चूल पेटलेली नव्हती. मांडीवर नानांचा जुना फोन होता. कपाटात ठेवलेला तो फोन बाहेर कसा आला, हे योगिताला कळेना.

“माय, काय व्हयनं?”

सरलाबाईंनी फोन तिच्यापुढे धरला.

“योगे, मनाकडथाईन काही दबाई गयं का वं? दुपारथून देखी ऱ्हायनू. तुना नाना दिसत नही.”

योगिता त्यांच्यासमोर खाली बसली. स्क्रीनवर आजचे लॉट होते, दत्तूनं भरलेले, लख्ख आणि चटकन उघडलेले.

“तू हे रोज उघडस?”

“हेमराजनी दखाडं व्हतं.” हेमराज म्हणजे योगिताचा थोरला भाऊ, बारडोलीच्या साखर कारखान्यात होता. “भांडा घसाई गयात का मी एक आयकस. रोज एकच. मंग तो चौकोन दाबस. दाबं का दुसरं वर येस.” त्यांनी फोनची काच अंगठ्यानं पुसली. “बठ्ठा एकदम आयकी टाकात ते सरी जातीन. मंग मी काय आयकसू?”

एकशे त्रेचाळीस खुणा. रोजची एक, दुपारी दोनला. जे योगिताला पाच महिने एकदाही झेपलं नव्हतं, ते तिची माय रोज भांडी घासून झाल्यावर करत होती. आणि आज तिनं चांगलं पोटभर जेवून मायच्या पुढचं ताट ओढून घेतलं होतं.

“तुनं काही चुकनं नही, माय. मीच करं ते.”

“गयात का मंग?”

“नही. शेतस. बठ्ठा शेतस.”

“कितला ऱ्हायनात आजून?”

“दोन हजारना वर.”

सरलाबाईंनी मनाशी काही हिशेब लावल्यासारखं केलं. तेवढे आकडे त्यांना येत नव्हते. “मंग माले पुरतीन,” त्या म्हणाल्या.

योगितानं फोन घेतला. तिथंच बसून तिनं या एका फोनसाठी यादीचं वेगळं दार केलं. गाळणी नाही, जुना क्रम, फोटो होते तसे, बेरजा होत्या तशा. न तपासलेलं आधी, सगळ्यात जुनं वर. दुपारी खपून तिनं जे जे काढलं होतं, ते ते सगळं परत लावलं. मग फोन मायच्या मांडीवर ठेवला. राखाडी गोल फिरायला लागला.

ती फिरण्याकडे पाहत राहिली. उद्या एकेक आवाज उचलून या फोनमध्येच ठेवता येईल, बोट लावलं की लगेच वाजेल, तासाभराचं काम आहे, असं तिच्या डोक्यात आलं.

“माय, सकाय मी हाई लगेच उघडी आसं करी देसू.”

“नको वं माय,” सरलाबाई म्हणाल्या. त्यांची नजर गोलावरून हलली नव्हती. “येऊ दे. त्यासले येवाले टाईमच लागे.”

आणि त्यांनी खांद्यावर घसरलेला पदर डोक्यावर घेतला.