कानाचा तुकडा

डॉक्टरांनी चिमट्याने नाकावरची पट्टी सोडवली आणि ते थांबले. मग त्यांनी दिवा खाली ओढला. मुलीच्या डाव्या नाकपुडीला जिथे कानाचा तुकडा शिवलेला असायला हवा होता, तिथे ओली, लाल खाच होती.

"तुकडा कुठे गेला?"

आई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. शिवणकाम करणारी बाई ती, समोरच्याचं माप नुसत्या नजरेने घ्यायची. पण कुत्रं पोरीच्या नाकाला चावलं त्या दिवसापासून स्वतःच्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघायचा तिला धीर होत नव्हता. रस्त्यावरचं ते कुत्रं तिनेच घरात घेतलं होतं. "काही करत नाही गं ते, फिरव हात," असं म्हणणारीही तीच.

दहा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी मुलीच्याच डाव्या कानाच्या कडेचा, कातडी आणि आतली लवचीक कूर्चा दोन्ही असलेला, हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा काढून नाकपुडीला शिवला होता. "पाहुणा आलाय समजा," ते तेव्हा म्हणाले होते. "आधी पांढरा दिसेल, मग निळा, कदाचित काळाही पडेल. घाबरायचं नाही. वरची साल जाईल, खाली गुलाबी निघेल. फक्त कुणी हात लावायचा नाही."

सातव्या दिवशी तुकडा काळाठिक्कर पडला. आईने सगळं नीट ऐकलेलं होतं, पण ऐकलेलं कानात राहतं आणि काळं डोळ्यांसमोर दिसतं. सडकं काही पोरीच्या तोंडावर कसं राहू द्यायचं? आठव्या दिवशी दुपारी मुलगी गोळीच्या गुंगीत झोपली, तेव्हा तिने धागे कापायची बारीक कात्री उकळून घेतली. एकेक टाका कापला, तुकडा हळूच ओढून काढला. रक्त आलं. कापसाने दाबून धरलं, नवी पट्टी लावली आणि मुलगी उठायच्या आत सगळं नाहीसं केलं. उठल्यावर मुलीने काहीच विचारलं नाही, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

"झोपेत माझाच हात लागला," मुलगी आता डॉक्टरांना म्हणाली.

बिचारीला खरंच तसं वाटतंय, आईला वाटलं. खरं काय ते सांगायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात डॉक्टर पुढे वाकले.

डॉक्टरांनी भिंग डोळ्याला लावलं. कडेला राहिलेल्या धाग्यांची टोकं सगळी सारखी होती, नीट कापलेली.

"झोपेत चालणारी माणसं पाहिलीत मी," ते म्हणाले. "झोपेत टाके कापणारी पहिलीच."

त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"रक्त आलं होतं?"

"आलं," मुलगी म्हणाली. "पण कापसाने दाबून धरल्यावर थांबलं."

आईने पलंगाचा दांडा घट्ट पकडला.

"मेलेल्यातून रक्त येत नाही," डॉक्टर म्हणाले. "धरला होता त्याने जीव. वरची सालच तेवढी काळी होती." त्यांनी हातमोजे काढले. "आता चार-सहा महिने थांबायचं. मग उजव्या कानाचा तुकडा. तोही नाही धरला तर कपाळाची कातडी खाली आणावी लागेल, म्हणजे तिथेही व्रण. माणसाला कान दोनच असतात." दाराशी गेल्यावर ते आईकडे वळले. "घरातल्या कात्र्या कुलपात ठेवा."

बाहेर बाकावर दोघी बसल्या. समोर रांगेतली माणसं आपापल्या पट्ट्या सांभाळत होती.

"जागी होतीस?" आईने जमिनीकडे बघत विचारलं.

"हो."

"मग ओरडली का नाहीस? हात का नाही धरलास माझा?"

मुलगी मास्कची नाडी बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"कुत्रं चावल्यापासून तू माझ्याकडे बघतच नव्हतीस," ती म्हणाली. "त्या दुपारी इतक्या जवळून बघत होतीस. म्हटलं, बघू दे."

तिने मास्क चढवायला घेतला. आईने तो तिच्या हातातून काढून घेतला, मांडीवर ठेवला आणि मान वर केली.