हिरवी खूण

सोमवारी कचेरीत चहा आला की माहितीताईंचं एक ठरलेलं काम असे. परक्या मुलखातून जीव मुठीत धरून किंवा पोटासाठी आलेल्या माणसांकरता शहराच्या कचेरीने फोनवर एक ॲप काढलं होतं. दवाखाना कुठे, शाळा कुठे, कागदपत्रं कोणत्या खिडकीवर, सगळं त्यांच्या त्यांच्या भाषेत. एकूण दोनशे चौदा नोंदी, आणि प्रत्येकीसमोर 'तपासले' असं बटण. दाबलं की हिरवी खूण उमटायची, खाली तारीख पडायची. आधी फोन करून खात्री करायची, असा नियम होता. माहितीताई चहा निवायच्या आत दोनशे चौदा वेळा बटण दाबून मोकळ्या होत. अशी बटणं आपणही कुठे कुठे दाबतो, ते ज्याचं त्याने आठवावं.

त्या सोमवारी खुणा उमटवून झाल्यावर त्यांनी सहज तक्रारींचा रकाना उघडला. यंत्राने भाषांतर केलेल्या तीन ओळी होत्या, एकाच फोनवरून गुरुवारी आलेल्या.

सकाळी: 'दार बंद आहे. मुलीला ताप आहे.'

दुपारी: 'तुमची खूण हिरवी आहे. आम्ही थांबतो.'

संध्याकाळी: 'मुलगी उठत नाही.'

पुढे काहीच नव्हतं. नोंद मुलांच्या दवाखान्याची होती. ताईंनी तिथला नंबर आयुष्यात पहिल्यांदा फिरवला. तो नंबर बंद होता. त्या पर्स उचलून तशाच निघाल्या.

दवाखान्याच्या दाराला कुलूप होतं, कुलपाला गंज. दारावरच्या धुळीत हाताचे पंजे उमटले होते, काही मोठे, काही अगदी लहान. समोरच्या दुकानात एक म्हातारी बाई मशीनवर शिवत बसली होती. तिला सगळी गल्ली शिवणमावशी म्हणे.

"दवाखाना? तो हलून आठ महिने झाले, बाई. पुलापलीकडे गेला."

"मग इथे येणारे लोक?"

"रोज येतात. मी हातवारे करून सांगते, बंद आहे, बंद! ते मला फोन दाखवतात. सरकारची हिरवी खूण असताना माझं कोण ऐकणार?"

"गुरुवारी एक बाई आली होती का? तापलेली मुलगी घेऊन?"

मावशींनी मशीन थांबवलं. "त्या पायरीवर दिवसभर बसली होती. पोरगी मांडीवर, तीन-चार वर्षांची. मी नवा पत्ता लिहून दिला, पण तिला आपली अक्षरं कुठली यायला! संध्याकाळी पोरीनं मान टाकली, तशी उचलून धावत सुटली. ही टोपी तेवढी राहिली." लोकरीची लहानशी टोपी त्यांनी खणातून काढली. "हात धरून नेलं असतं, तर! दुकान टाकून कशी जाऊ, म्हणून बसून राहिले. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही."

"मावशी, ती खूण मीच लावते," ताई कशाबशा म्हणाल्या. "न बघता."

मावशींनी टोपी परत खणात ठेवली. मग म्हणाल्या, "वाट विचारणाऱ्याला 'माहीत नाही' म्हटलं तर तो दुसऱ्याला विचारतो. तुम्ही 'माहीत आहे' म्हणालात, बाई. म्हणून ती बसून राहिली."

ताईंनी मावशींना आपला नंबर दिला आणि तिथेच उभ्याने पत्ता बदलला. त्या फोनवर निरोप पाठवला. तो कोणी उघडला नाही. नाव नव्हतं, मग विचारणार कोणाला आणि काय? कचेरीत कोणी दार वाजवलं की त्या दचकत. घरी मुलगा म्हणे, "आई, मी तीनदा हाक मारली!" त्यांच्या कानात एकच ओळ असे. आम्ही थांबतो.

बारा दिवसांनी मावशींचा फोन आला. "ती टोपी न्यायला आलीय. पोरगी बरोबर आहे!"

जिवंत आहे! ताई धावतच गेल्या. पायरीवर मुलगी बटणं मांडून खेळत होती. "बाळा!" ताईंनी हाक मारली. मुलीने मान वळवली नाही. मावशींच्या हातून बटणांचा डबा फरशीवर खणकन पडला. तरी वळवली नाही.

आईने आपल्या भाषेत फोनला काही सांगितलं. फोनमधला कोरा आवाज म्हणाला, "ताप मेंदूत गेला. जीव वाचला. कान गेले. सकाळीच दवाखान्यात पोहोचलो असतो तर? डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही."

"चूक माझी आहे," ताई फोनपाशी वाकून म्हणाल्या. आईने ते ऐकलं आणि त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, माफीही नव्हती. मग तिने तेच ॲप उघडून ताईंपुढे धरलं. ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा. हिरवी खूण, तारीख त्याच सोमवारची.

फोन म्हणाला, "हे खरं आहे का?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं!

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "चला, बघून येऊ."

मावशींनी दुकानाला कुलूप लावलं आणि त्याही निघाल्या. शाळा होती, पण प्रवेशाचा वार ॲपवर वेगळाच होता. ताईंनी तो शाळेच्या जिन्यात उभं राहून बदलला.

पुढच्या सोमवारी ॲपवर फक्त नऊ हिरव्या खुणा होत्या. साहेब तावातावाने आले. "बाकीच्या दोनशे पाच कुठे गेल्या? वर काय सांगू मी?"

"माहीत नाही, असं सांगा," ताई म्हणाल्या. "मी तपासतेय."

नागरिकहो, ज्याचं या शहरात कोणी नाही, त्याला हातातला फोनच सख्खा. पण फोनला पाय नाहीत, डोळे नाहीत. ते आपण द्यायचे असतात, आणि जिथे आपण गेलो नाही तिथली ग्वाही देऊ नये. माहितीताई आता एकेक दार स्वतः वाजवून बघतात, मगच खूण लावतात. लोकरीची टोपी आईने नेली. कुलूपबंद दारावरचे पंजे मात्र अजून आहेत. आणि ती मुलगी शाळेत जाते. मागून कितीही हाका मारा, ती वळत नाही.