सरांच्या नाडीची लय

चर्चच्या गायकवृंदाच्या सरांचं एक खूळ होतं. कुठलंही स्तोत्र किती जलद घ्यायचं, हे ते स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून ठरवायचे. "पूर्वीचे संगीतकार असंच करायचे," म्हणत डोळे मिटायचे, नाडी बघायचे आणि मग हात उचलायचे. आता सरांची नाडी काय वर्णावी! प्रार्थनेआधी ते वर सज्जात खुर्चीवर मस्त डुलकी काढत. ती नाडी चालायची कुठली, रांगायची.

या खेपेचं स्तोत्र बरोक काळातलं, म्हणजे तीनेकशे वर्षांपूर्वीचं, जेमतेम दोन पानांचं. चार आवाज, उदास वाटणारी मायनर पट्टी, शेवटचा सूर तेवढा उजळ मेजरमध्ये उघडणारा. ऑर्गन वाजवणारी म्हणाली, "सर, शब्द आभाराचे आहेत. चाल नाचरी आहे." सर म्हणाले, "मायनर म्हणजे शोक. संथच." झालं! ओळी संपता संपेनात.

सगळ्यात जास्त हाल झाले त्या ऑर्गनवालीच्या मामांचे. मामा शिंपी. खर्जातला आवाज अजून दणकट, पण दम पुरेना. तालमीत ओळीच्या मधेच त्यांनी श्वास घेतला, तसं सरांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "रविवारी असं झालं तर तुमचं गाणं बंद, मामा."

मामा तेवढ्यापुरते हसले. घरी जाताना मात्र श्वास धरून पावलं मोजत होते. मामी गेल्यापासून माणूस आठवडाभर तोंडात टाचण्या धरून मशीनवर बसायचा. मोकळं तोंड उघडायचा ते इथेच. भाचीला भरून आलं. मग संताप आला. आणि संताप आला की तिचं डोकं फार चालायचं.

रविवारी प्रार्थनेच्या घंटेच्या जरा आधी तिने सरांना हलवलं. "सर, फादरनी खाली बोलावलंय. ताबडतोब!"

देवाच्या घरात धडधडीत खोटं. पण करता काय!

सर गोल जिना उतरून गेले. फादर म्हणाले, "मी? छे हो!" सर तणतणत परत चढू लागले आणि अर्ध्या जिन्यात असतानाच घंटा झाली. मग काय, उरलेल्या पायऱ्या ते धावतच चढले. वर पोहोचले तेव्हा छातीचा भाता झालेला. "तू..." एवढंच त्यांना म्हणता आलं. भाची साळसूदपणे ऑर्गनवर बसली होती.

सरांनी मनगटावर बोट ठेवलं आणि डोळे विस्फारले. दुसरं मनगट धरून पाहिलं, तिथेही तीच बोंब. पण स्वतःच्याच नाडीला खोटं कसं म्हणायचं? त्यांनी हात उचलला.

अहो, स्तोत्र उड्या मारत निघालं! पट्टी तीच मायनर, पण रडगाणं पार पळालं. खाली बाकांवर लोकांचे पाय हलू लागले. मामा एकेक ओळ एका दमात फस्त करत होते. भाचीला इतका आनंद झाला की तिचं एक बोट चुकलंच.

शेवटचा सूर आला. सरांनी हात खाली घेतला, सगळे थांबले. मामा कसले थांबतात! डोळे मिटून त्यांनी तो सूर जो धरला तो सोडेचनात. भाचीने खुणा केल्या, खाकरून पाहिलं. व्यर्थ.

प्रार्थना संपल्यावर सर मामांपाशी आले. त्यांचे डोळे चक्क पाणावले होते. "मामा, एवढा दम आहे तुमच्यात? आणि मी तुम्हाला काढायला निघालो होतो! आता कुठे जायचं नाही तुम्ही."

मामांनी नुसती मान डोलावली. बोलायला श्वास कुठे उरला होता?

"आज माझी जरा घाईच झाली," सर म्हणाले. "पुढच्या रविवारी हेच घेऊ. तुमच्या भरवशावर. नेहमीपेक्षाही संथ."

भाचीने कपाळावर हात मारला. मामा मात्र सरांचा हात हातात घेऊन आनंदाने हो हो करत होते.