घागरेवाल्यांचा आयटम

ऑक्टोबर २००६ मधल्या त्या शनिवारी गुरुनाथ धारप सकाळी सातलाच दाढी करून तयार होते. मराठी मंडळाचा दिवाळी कार्यक्रम दुपारी तीनला आणि त्यांचा नंबर चौदावा; पण वयाच्या बहात्तराव्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉथेल गावात, पहिल्यांदाच स्टेजवर बसायचं म्हटल्यावर माणूस जरा लवकरच तयार होतो. दोनदा झब्बा बदलून त्यांनी मुलीला विचारलं, "सुनेत्रा, ग्लेन आणि मंडळींना पार्किंगचं सांगितलंस ना गं?"

"सांगितलं, बाबा."

तिने ते सांगितलं होतं हे खरंच. पण गुरुवारी मंडळाच्या अध्यक्षांना, उल्हास राजोपाध्यांना, फोन करून तिने आणखीही काही सांगितलं होतं.

प्रकरण असं होतं. गुरुनाथरावांनी मिरजेत सोळा वर्षं गुरूकडे व्हायोलिनची तालीम घेतलेली. मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचा माथा पायाच्या घोट्यावर टेकवायचा आणि तासभर एक राग आळवायचा. बायको गेल्यावर ते अमेरिकेत मुलीकडे आले, आणि मंडळाच्या भाषेत सांगायचं तर 'नादी लागले'. कोणाच्या? तर दर गुरुवारी चर्चच्या तळघरात जमणाऱ्या स्कॉटिश संगीतवाल्यांच्या. व्हायोलिनला तिथे फिडल म्हणत. त्यांची एक संथ धून ऐकून गुरुनाथराव पहिल्याच दिवशी ओरडले, "अरे, हा तर आपला दुर्गा राग!" बॅगपाइपचा अखंड सूर ऐकून घरी येऊन म्हणाले, "काय डोकं आहे बघ! तानपुरा कातडी पिशवीत भरून काखेत मारलाय लेकाच्यांनी."

त्या लोकांनीही त्यांचं काही कमी सोसलं नाही. तिथे प्रत्येक धून तीनदा वाजवून सगळे पुढच्या धुनेवर जात; गुरुनाथराव डोळे मिटून मागच्याच धुनेत राहत. शेवटी ते तिहाई घेत. पहिल्या तुकड्यालाच बाकीचे गज खाली ठेवत आणि उरलेले दोन तुकडे ते एकटे वाजवत. ग्लेन नावाचा निवृत्त दंतवैद्य त्या गटाचा म्होरक्या होता. त्याने कपाळाला हात लावला, आणि दोन महिन्यांनी तोच इतरांना दटावू लागला, "थांबा, अजून दोन आहेत."

मंडळाला हे सगळं घागऱ्यामुळे दिसलं. ग्लेन आणि मंडळी किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चौकड्यांचा घागरा, घालत आणि एकदा गुरुनाथरावांना घरी सोडताना ती शेजारच्या देसी कुटुंबाला दिसली. मग गणपतीच्या आरतीनंतर, भरल्या पंगतीत, उल्हासने विचारलं, "काय काका, सोवळ्यातून थेट घागऱ्यात?"

पंगत खिदळली. गुरुनाथराव शांतपणे म्हणाले, "उल्हास, घागरा नेसायला धाडस लागतं रे. तुझ्या झब्ब्याला नुसती इस्त्री पुरते."

पंगत पुन्हा खिदळली. सुनेत्राचे कान मात्र लाल झाले.

तिचं वाचन दांडगं होतं. कादंबऱ्यांतले असले विक्षिप्त म्हातारे तिला फार आवडत. त्यांच्यावर ती वाचनगटात अर्धा अर्धा तास बोलत असे. पण असा म्हातारा पुस्तकातून उठून आपल्याच पाहुण्यांच्या खोलीत राहायला आला की वाचकाची खरी परीक्षा असते. तीत ती नापास झाली होती.

"दादा, चौदावा नंबर वेळेअभावी गाळता येईल का?" तिने फोनवर विचारलं होतं. "पण बाबांना कळू द्यायचं नाही."

"अगं, त्यात काय! आपल्याकडे वेळ नेहमीच कमी असतो," उल्हास म्हणाला. त्याच्या आवाजातला सुटकेचा भाव तिला फोनवरही ऐकू आला.

तीनचा कार्यक्रम पावणेचारला लागला. मराठी संस्कृतीचं जतन व्हावं म्हणून पहिल्या दहा आयटमांत सहा हिंदी सिनेमांचे नाच होते. विंगेत गुरुनाथराव सतरंजीवर व्हायोलिन मांडीशी घेऊन बसले होते आणि त्यांच्या भोवती तीन किल्टवाले अमेरिकन प्लास्टिकच्या चमच्यांनी श्रीखंड खात होते. तेरावा नंबर संपला. उल्हासने माइक घेतला, वेळेअभावी पुढचा आयटम रद्द केल्याचं जाहीर केलं आणि मग बावीस मिनिटं आभार मानले.

गाडीत सुनेत्राची चौदा वर्षांची निधी धुमसत होती. "आजोबा, दॅट वॉज सो अनफेअर!"

"असू दे गं. वेळ नव्हता त्यांना, त्याला कोण काय करणार?" गुरुनाथराव म्हणाले. "ग्लेनला श्रीखंड आवडलं बघ. तीन वाट्या खाल्लंन." मग पुढे वाकून त्यांनी सुनेत्राच्या खांद्यावर हात ठेवला. "तू कमिटीत आहेस ना? पुढच्या वर्षी जरा शब्द टाक. वरचा नंबर मिळाला तर बरं."

"हो, बाबा," ती म्हणाली.

रविवारी सकाळी तिने चहाला हाक मारली तेव्हा ते उठले नाहीत. झोपेतच हृदय थांबलं होतं.

पंधरा दिवसांनी मंडळाने शोकसभा घेतली. हॉल भरला होता. पडद्यावर फोटो सरकत होते. चर्चमधला फोटो कमरेखाली कापलेला होता, त्यामुळे ग्लेन नुसताच टाय लावलेला सज्जन वाटत होता. खरा ग्लेन शेवटच्या रांगेत किल्ट घालून बसला होता. एक अक्षर कळत नसताना तो दर वाक्याला मान हलवत होता.

उल्हास बोलायला उठला. "गुरुनाथकाका म्हणजे शास्त्रीय संगीताचे निस्सीम उपासक. परदेशात राहूनही त्यांनी परंपरेशी कधी तडजोड केली नाही." त्याने चष्मा काढून डोळे पुसले. "त्या दिवशी केवळ वेळेअभावी त्यांची कला आपल्याला ऐकता आली नाही, ही खंत मंडळाला जन्मभर राहील."

खाली बसताना त्याने सुनेत्राकडे पाहून हलकेच मान डोलावली. झाकलंय, काळजी करू नकोस. लबाड माणूसही कधी कधी मनापासून उपकार करतो, आणि ते फेडायची सोय नसते.

कुटुंबाच्या वतीने दोन शब्द म्हणून तिच्या हातात माइक आला. आभाराचा कागद तिने लिहून आणला होता. पहिल्या रांगेत निधी आजोबांचा फोटो मांडीवर घेऊन तिच्याकडे बघत होती. सुनेत्राने कागदाची घडी केली.

"वेळ होता," ती म्हणाली. "बाबांचा आयटम मी काढायला लावला. उल्हासदादांना मीच फोन केला होता."

उल्हास बुटाच्या टोकाकडे पाहू लागला. शेवटच्या रांगेत ग्लेनने नेहमीप्रमाणे आदराने मान हलवली, आणि ते तिला पाहवलं नाही. त्यालाही कळावं म्हणून तिने तेवढं इंग्रजीत पुन्हा सांगितलं. त्याची मान थांबली. मग ती निधीकडे वळली आणि उरलेलं मराठीतच म्हणाली, "मला बाबांची लाज वाटत होती."